साखर कारखान्यात पीएलसी-स्काडाचे अपडेट: ऑफ-सीझनमध्ये करायचं काम, पायरीपायरीने

बहुतेक कारखान्यांत चित्र सारखंच असतं. मिल, बॉयलर, बॉइलिंग हाऊस आणि को-जन (बगॅसवरची वीजनिर्मिती) यांचे पीएलसी किंवा डीसीएस (यंत्रं चालवणारे नियंत्रक संगणक) वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी बसवलेले. कंट्रोल रूममध्ये स्काडाची (प्लांट स्क्रीनवर दाखवणाऱ्या आणि चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) पाच-सहा ऑपरेटर स्टेशन, एक इंजिनिअरिंग संगणक, मागचे आकडे साठवणारा एक हिस्टोरियन सर्व्हर. बसवल्या दिवसापासून कशालाही हात लावलेला नाही, कारण 'चालतंय ना'. मग कधीतरी ऑडिटमध्ये विंडोज ७ वर बोट ठेवलं जातं, किंवा को-जनसाठी सायबर सुरक्षेची कागदपत्रं मागितली जातात, आणि आठ दिवसांत सगळं एकदम अपडेट करायचा घाट घातला जातो. वर्षानुवर्षं हात न लावणं जितकं वाईट, तितकंच हेही.

इथे उदाहरण साखर कारखान्याचं घेतलं आहे, कारण त्याच्याकडे इतर प्लांटना न मिळणारी एक गोष्ट आहे: गाळप संपल्यापासून पुढच्या बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंत मिळणारा सलग वेळ. रिफायनरीला किंवा पाणीपुरवठा योजनेला तो मिळत नाही. त्यांच्यासाठी पायऱ्या याच, फक्त तासांचं गणित जास्त आवळलेलं.

घात कुठून होतो

न केलेल्या अपडेटने होणारा घात सगळ्यांना माहीत आहे. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस ज्या भोकातून शिरला ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिला होता आणि हल्ला झाला १२ मे ला. मधले दोन महिने ज्यांनी काही केलं नाही, ते सापडले.

केलेल्या अपडेटने होणारा घात मात्र कमी बोलला जातो. मार्च २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या हॅच अणुवीज केंद्राचं दुसरं युनिट ४८ तास बंद पडलं. अपडेट टाकलं होतं ऑफिस नेटवर्कवरच्या एका संगणकात, अणुभट्टीच्या नियंत्रकात नव्हे. पण तो संगणक प्लांटच्या नियंत्रण प्रणालीशी डेटा जुळवून घेत होता. रीबूट झाल्यावर त्याच्याकडचा डेटा रीसेट झाला, तोच पलीकडे गेला, आणि संरक्षण प्रणालीने पाण्याची पातळी घसरली असं समजून युनिट ट्रिप केलं. संगणकांची यादी करून भागत नाही. कोण कोणाशी बोलतो आणि कोण कोणाकडे लिहितो हे माहीत असावं लागतं, ते यासाठी.

अपडेटच्या रूपाने विषही येतं. २७ जून २०१७ ला न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. कारण होतं नॉटपेट्या हा व्हायरस. तो मूळ पसरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेट सर्व्हरवरून आणि टर्मिनल चालवणाऱ्या जागतिक कंपनीच्या नेटवर्कमधून इथवर पोचला. १९ जुलै २०२४ ला तर हल्ला वगैरे काहीच नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीची सदोष अपडेट फाईल गेली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. ते रिमोटने उठवता येत नव्हते. बहुतेक ठिकाणी प्रत्येकापाशी माणूस पाठवावा लागला. अँटिव्हायरसचं 'रोजचं' अपडेट हेही अपडेटच असतं, हे त्या दिवशी अनेकांना कळलं.

पायरी १: यादी

गाळप संपल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत, मेंटेनन्सची मोडतोड सुरू व्हायच्या आत, यादी पूर्ण करा. पॅनेल उघडी पडली आणि वायरी सुटल्या की खरी माहिती मिळत नाही. प्रत्येक उपकरणासाठी लिहा: टॅग, मेक, पूर्ण ऑर्डर नंबर, फर्मवेअरची (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती, विंडोज असेल तर एडिशन आणि बिल्ड नंबर, स्काडा सॉफ्टवेअरची आवृत्ती सर्व्हिस पॅकसह, लायसन्स कसलं (डोंगल, फाईल, की), आयपी पत्ता, कोणाकडून वाचतो, कोणाकडे लिहितो, बॅकअप कुठे आणि कोणत्या तारखेचा.

माहिती हाताने गोळा करा. आयटी विभागाचा नेटवर्क स्कॅनर प्लांट नेटवर्कवर सोडू नका. जुनी कम्युनिकेशन कार्डं अनपेक्षित पॅकेट आलं की हँग होतात, आणि मग पॅनेलची पॉवर बंद-चालू केल्याशिवाय उठत नाहीत.

यादीत हमखास सुटणाऱ्या गोष्टी: एचएमआय पॅनेल (यंत्राजवळचे ऑपरेटरचे पडदे), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), एनर्जी मीटरचे गेटवे, मॅनेज्ड स्विच, टर्बाइन गव्हर्नर, यूपीएसमधलं नेटवर्क कार्ड. आणि चिमणीच्या ऑनलाइन उत्सर्जन मोजणीचा डेटा लॉगर. हा प्रदूषण मंडळाकडे आकडे पाठवतो, म्हणजे त्याला इंटरनेट आहे, बऱ्याचदा स्वतःचं सिमकार्ड टाकलेला राउटर आहे. कुणीतरी सोयीसाठी त्याचं दुसरं लॅन पोर्ट बॉयलरच्या स्विचमध्ये खोचलेलं असेल, तर तुमच्या फायरवॉलला काही अर्थ उरत नाही. ती केबल आधी शोधा.

विंडोजची एडिशन नीट वाचा, कारण दिसायला एकसारख्या प्रतींचं आयुष्य वेगळं असतं. साध्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० एंटरप्राइज एलटीएससी २०१९ ला जानेवारी २०२९ पर्यंत पॅच मिळतील. एलटीएससी २०२१ मध्ये साधी एंटरप्राइज प्रत जानेवारी २०२७ पर्यंत आणि आयओटी एंटरप्राइज प्रत जानेवारी २०३२ पर्यंत. एका 'आयओटी' शब्दाने पाच वर्षांचा फरक. नवा संगणक मागवताना परचेस विभागाला हा शब्द लिहून द्या, नाहीतर स्वस्त पडणारी प्रत येते.

पायरी २: काय टाकायचं, काय नाही

आलेला प्रत्येक पॅच टाकायचा नसतो. तीन खाती करा: आत्ता, ऑफ-सीझनला, नको.

'आत्ता'मध्ये तेच, ज्यात दोन गोष्टी एकत्र येतात: त्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू आहे, आणि तो दोष तुमच्याकडे बाहेरून किंवा ऑफिस नेटवर्कवरून गाठता येतो. पहिली गोष्ट सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सूचनांतून आणि अमेरिकेच्या सिसा संस्थेच्या 'गैरवापर होत असलेले दोष' या यादीतून कळते. दुसरी फक्त तुमच्या यादीतून. बंद नेटवर्कमधल्या पीएलसीतला दोष, गांभीर्याचे गुण दहापैकी नऊ-दहा असले तरी, ऑफ-सीझनपर्यंत थांबू शकतो. रिमोट ॲक्सेसच्या व्हीपीएन राउटरमधला दोष थांबू शकत नाही.

'नको'मध्ये टाकलेल्याचं कारण आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख लिहा. तारीख नसेल तर तो निर्णय झालेलाच नाही, नुसती टाळाटाळ झाली आहे.

मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. मोठ्या ऑटोमेशन कंपन्या ते आपल्या सॉफ्टवेअरवर तपासून सुसंगततेची यादी काढतात. ती यादी येईपर्यंत थांबा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन-स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांसाठी आलेल्या विंडोज पॅचनंतर रॉकवेलच्या फॅक्टरीटॉकवर चालणाऱ्या काही उत्पादनांत आणि वंडरवेअर हिस्टोरियनमध्ये अडचणी आल्या होत्या. यादीची वाट बघणाऱ्यांचा महिनाभराचा उशीर झाला, बाकी काही नाही.

पायरी ३: फाईल आणायची कशी

फाईल फक्त उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, आपल्या लॉगिनने. कंत्राटदाराच्या पेनड्राइव्हवरून नाही, ग्रुपवर कुणी टाकलेल्या लिंकवरून तर नाहीच. एवढं करूनही हॅश (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) जुळवा, कारण २०१४ मध्ये हॅवेक्स या व्हायरसच्या प्रकरणात काही ऑटोमेशन कंपन्यांच्या खऱ्या संकेतस्थळांवरचे इन्स्टॉलरच बदलले गेले होते.

क्रम असा ठेवा. ऑफिसच्या संगणकावर डाउनलोड करा. विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने एसएचए-२५६ हॅश काढा आणि उत्पादकाने छापलेल्याशी जुळवा. इन्स्टॉलरच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही वैध आहे का बघा. प्लांटला न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर स्कॅन करा. मग फक्त याच कामासाठी ठेवलेल्या, नंबर टाकलेल्या पेनड्राइव्हवर घ्या. प्लांटच्या बाजूला उतरवल्यावर हॅश पुन्हा काढा. अर्धवट कॉपी झालेली फर्मवेअर फाईल इथेच सापडते.

संगणक पंधरा-वीस असतील तर डीएमझेडमध्ये (ऑफिस आणि प्लांट यांच्यामधल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) डब्ल्यूएसयूएस, म्हणजे विंडोजचे पॅच वाटणारा सर्व्हर ठेवणं सोपं पडतं, पण मंजुरी हातानेच द्या. 'आपोआप मंजूर' हा नियम बंद. शिवाय हा सर्व्हर स्वतः पॅच करायला विसरू नका: ऑक्टोबर २०२५ मध्ये डब्ल्यूएसयूएसमध्येच गंभीर दोष निघाला आणि त्याचा गैरवापरही झाला.

कंत्राटदाराचा लॅपटॉप हा चालताबोलता पेनड्राइव्ह आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसीचे चिप कारखाने वॉनाक्रायच्याच एका प्रकाराने थांबले; न तपासता नेटवर्कला जोडलेल्या नव्या यंत्रातून तो आत आला होता. शक्य असेल तर काम आपल्या इंजिनिअरिंग संगणकावरूनच करून घ्या.

पायरी ४: परतीची वाट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अपडेट फसलं तर काल होतं तिथे किती वेळात पोचता येईल, याचं उत्तर मिनिटांत सांगता येत नसेल, तर अपडेट सुरू करायचं नाही.

पीएलसी. पहिलं काम कंपेअर: इंजिनिअरिंग संगणकातला प्रोजेक्ट आणि सीपीयूमधला चालू प्रोग्राम. फरक निघणारच. तीन सीझनपूर्वी रात्रपाळीत कुणीतरी लॅपटॉप लावून केन कॅरियरचा टायमर बदललेला असतो, आणि तो बदल सेव्ह केलेल्या प्रोजेक्टमध्ये नसतो. प्रत्येक फरकाबद्दल ठरवा की खरा कोणता, आणि प्रोजेक्ट त्याप्रमाणे दुरुस्त करा. नुसतं अपलोड करून ठेवणं पुरत नाही. पुष्कळ जुन्या पीएलसींत अपलोड केलेल्या प्रोग्राममध्ये कॉमेंट आणि सिम्बॉल येत नाहीत. रात्री दोन वाजता नावं नसलेली लॅडर वाचायची वेळ येऊ नये.

प्रोग्राम वाचला म्हणजे सगळं वाचलं, असं नाही. पीआयडी लूपचे (लेव्हल, प्रेशर आपोआप सांभाळणाऱ्या नियंत्रणाचे) गेन, ऑपरेटरने बदललेले सेटपॉइंट, टोटलायझरचे आकडे, बॅच पॅनच्या रेसिपी या सगळ्या व्हॅल्यू डेटा ब्लॉकमध्ये चालू अवस्थेत असतात. प्रोग्राम पुन्हा डाउनलोड करताना ब्लॉक रीइनिशियलाइज झाला की त्या कमिशनिंगच्या दिवशीच्या आकड्यांवर परत जातात. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, आणि बॉयलर चालू केल्यावर ड्रम लेव्हल झोके घ्यायला लागते. म्हणून टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये) डेटा ब्लॉकचा स्नॅपशॉट घ्या. शिवाय प्रत्येक लूपचा गेन, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह, आऊटपुट लिमिट आणि ऑटो-मॅन्युअल स्थिती कागदावर उतरवा. वीस-तीस लूपना दोन तास लागतात. फोर्स लावलेल्या (हाताने एका किमतीला बांधलेल्या) सिग्नलची यादीही याच कागदावर. अपडेटनंतर फोर्स निघून जातो आणि ज्या खराब सेन्सरला तो झाकत होता तो सेन्सर ट्रिप देतो.

पासवर्ड: सीपीयूचा, प्रोजेक्टचा, नो-हाऊ संरक्षण असलेल्या ब्लॉकचा. जुन्या कंत्राटदाराकडेच असेल तर तो आत्ता मिळवा. मोहरबंद पाकिटात घालून चीफ इंजिनिअरच्या कपाटात.

बॅटरीवर प्रोग्राम टिकवणारे जुने सीपीयू असतील तर बॅटरी पॉवर चालू असतानाच बदला. ऑफ-सीझनमध्ये वीज वाचवायला पॅनेल बंद ठेवण्याची पद्धत असते. चार महिने बंद पॅनेल आणि मेलेली बॅटरी म्हणजे कोरा सीपीयू.

संगणक. पूर्ण डिस्कची इमेज घ्या, नुसती प्रोजेक्ट फोल्डरची कॉपी नाही. मग ती इमेज तेवढ्याच क्षमतेच्या दुसऱ्या एसएसडीवर उतरवा, मूळ डिस्क काढून ती लावा आणि संगणक चालू करून बघा. स्काडा उघडतो का, लायसन्स ओळखतो का, पीएलसीशी बोलतो का. उतरवून न पाहिलेली इमेज म्हणजे बॅकअप आहे असा समज, एवढंच. या खटाटोपाला किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. लायसन्स नेमकं इथेच अडवतं: काही लायसन्स डिस्कवर विशिष्ट जागी असतात आणि क्लोनमध्ये चालत नाहीत, काही नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेले असतात. आधी की दुसऱ्या माध्यमावर हलवायची असेल तर ती उत्पादकाच्या लायसन्स मॅनेजरमधूनच हलवा.

जुनं फर्मवेअर. आत्ता चालू असलेल्या आवृत्तीची फाईल हाताशी हवी. आणि उत्पादकाच्या माहितीत बघा की खाली उतरता येतं का. काही उपकरणं एकदा वर गेली की खालची आवृत्ती घेत नाहीत. तशा वेळी परतीची वाट एकच: जुन्या फर्मवेअरचा स्पेअर सीपीयू. प्रत्येक प्रकारचा एक सीपीयू, एक मेमरी कार्ड, एक २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि दोन एसएसडी कपाटात नसतील तर इंडेंट आजच टाका.

आता तासांचं गणित. समजा सकाळी ८ ते दुपारी ४ अशी आठ तासांची परवानगी आहे. मागे फिरायला इमेज उतरवण्याचे दोन तास आणि तपासणीचा एक तास लागतो. म्हणजे दुपारी १ वाजता निर्णय. एकला चाचण्या पास नसतील तर मागे फिरायचं, 'अजून अर्धा तास बघू' नाही. ही वेळ परमिटवर लिहा आणि निर्णय कोणाचा, त्याचं नावही.

पायरी ५: टेबलावर चाचणी

टेस्ट बेंच म्हणजे मोठा खर्च नाही. स्पेअर सीपीयू, एक पॉवर सप्लाय, एक साधा स्विच, आणि डिस्क इमेजवरून केलेली व्हर्च्युअल मशीन चालवणारा १६ किंवा ३२ जीबी रॅमचा एक संगणक. हे नेटवर्क कशालाच जोडायचं नाही, कारण आयपी पत्ते प्लांटचेच आहेत. अपडेट टाकून निदान एक आठवडा चालू ठेवा. मेमरी हळूहळू खाणारा दोष एका दिवसात दिसत नाही.

चाचणीत संगणकांची जोडी तपासा, एकेकटा नाही. याचं ढळढळीत उदाहरण डीकॉम. जुना ओपीसी डीए (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी एकमेकांना डेटा देण्याची पद्धत) विंडोजच्या डीकॉम या यंत्रणेवर चालतो, आणि हिस्टोरियन, लॅबचा रिपोर्ट, को-जनचा डेटा बऱ्याच कारखान्यांत अजून याच मार्गाने जातो. मायक्रोसॉफ्टने जून २०२१ मध्ये डीकॉम कडक करणारा बदल आणला, पण तो बंद अवस्थेत होता. १४ जून २०२२ च्या अपडेटपासून तो आपोआप चालू झाला, तरी रजिस्ट्रीतून बंद करता येत होता. १४ मार्च २०२३ पासून बंद करायची सोयच गेली. त्यामुळे चार वर्षं पॅच न केलेला ओपीसी सर्व्हर एका फटक्यात ताज्या अपडेटवर नेला की पलीकडचा जुना क्लायंट नाकारला जातो. लक्षण असं: स्काडा ठीक, पीएलसी ठीक, फक्त हिस्टोरियनमधले सगळे टॅग 'बॅड क्वालिटी'. लोक मग डीकॉमच्या परवानग्या उघड्या करत बसतात, फायरवॉल बंद करतात, एव्हरीवनला पूर्ण अधिकार देतात. काही उपयोग होत नाही आणि दारं मात्र उघडी राहतात. सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६ नंबरचा इव्हेंट बघा. त्यात कोणत्या पत्त्यावरून विनंती आली आणि ती नाकारली, ते लिहिलेलं असतं. उपाय: क्लायंटचा संगणकही पॅच करणं, क्लायंट सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणं, किंवा सरळ ओपीसी यूएवर जाणं. जमलं तर तिसरा.

पायरी ६: प्रत्यक्ष दिवस

इन्स्ट्रुमेंट, इलेक्ट्रिकल आणि त्या विभागाचा शिफ्ट इन्चार्ज, तिघंही हजर हवेत. मोटरचे फीडर रॅक-आऊट करून लॉक करा. स्टॉपमधून रनला येताना आऊटपुट काय करतील हे कॉन्फिगरेशनवर अवलंबून असतं: काही शून्य होतात, काही शेवटची स्थिती धरून ठेवतात. ऑफ-सीझनमध्ये मिलच्या रोलरजवळ किंवा कन्व्हेयरवर फिटर काम करत असतात. त्यांना 'आज फक्त सॉफ्टवेअरचं काम आहे' असं सांगितलेलं असतं. म्हणून लॉक इलेक्ट्रिकलनेच लावायचं आणि किल्ली परमिटधारकाच्या खिशात.

क्रम: आधी इंजिनिअरिंग संगणक, मग एकच ऑपरेटर स्टेशन, दोन दिवस थांबून बाकीची, मग हिस्टोरियन, शेवटी पीएलसी. रिडंडंट सर्व्हर असेल तर स्टँडबाय आधी, स्विचओव्हर करून बघायचं, मग दुसरा. दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असताना जोडी टिकते का, हे उत्पादकाच्या कागदात आधी वाचलेलं असावं. स्विचचं फर्मवेअर एका वेळी एकाचंच. एमआरपी रिंग (स्विचची वर्तुळाकार जोडणी) सावरते, पण रीबूट होणाऱ्या स्विचला थेट लटकलेली उपकरणं तुटणारच.

विंडोज स्टेशनवर रनटाइम व्यवस्थित बंद करा, पॅच टाका, दोनदा रीबूट करा. दुसरा रीबूट यासाठी, की पहिल्या वेळी अपडेटचं उरलेलं काम चालू असतं आणि सेवा उशिरा उठतात. सीझनमध्ये लाईट गेल्यावर जसा संगणक उठेल तसा तो दुसऱ्या वेळी उठतो.

पीएलसी फर्मवेअरचं एक उदाहरण जवळून, सीमेन्स एस७-१५०० चं:

१. कंपेअर, बॅकअप, स्नॅपशॉट झाल्याची खूण परमिटवर. पॅनेलचा २४ व्होल्ट यूपीएसवर आहे आणि यूपीएस लोडवर टिकतो, हे त्याच सकाळी बघा. फर्मवेअर लिहिताना पॉवर गेली तर सीपीयू कायमचा जाऊ शकतो.

२. फर्मवेअरसाठी वेगळं सिमॅटिक मेमरी कार्ड वापरा. प्रोग्रामचं कार्ड तसंच राहू द्या. हे कार्ड विंडोजमध्ये कधीही फॉरमॅट करू नका आणि त्यावरच्या लपवलेल्या फाईल पुसू नका. साध्या एसडी कार्डासारखं दिसतं, पण त्या फाईल गेल्या की सीपीयू ते ओळखत नाही, आणि नवं कार्ड स्वस्त नाही.

३. सीपीयू स्टॉपला घ्या, पॉवर बंद करा, प्रोग्रामचं कार्ड काढून लेबल लावा, फर्मवेअरचं कार्ड घाला, पॉवर द्या. दिवे लुकलुकत राहतात. कितीही वेळ लागो, हात लावायचा नाही. रन-स्टॉपचा दिवा पिवळा स्थिर झाला आणि मेन्टचा पिवळा लुकलुकायला लागला की काम झालं.

४. पॉवर बंद, कार्ड बदला, पॉवर चालू. रनला टाकायच्या आधी डायग्नोस्टिक बफर वाचा आणि आवृत्ती बघा. रिटेन्टिव्ह व्हॅल्यू टिकल्याच असतील असं धरू नका, कागदाशी जुळवा.

इथे अनेकांची एक चूक होते. २०२२ मध्ये या मालिकेतल्या सामाईक गुप्त कीचा दोष जाहीर झाला. उपाय म्हणून टीआयए पोर्टल व्ही१७ आणि एस७-१५०० साठी फर्मवेअर २.९.२ सांगितलं गेलं. लोक फर्मवेअर चढवतात आणि थांबतात. पण नव्या फर्मवेअरचा सीपीयू जुन्या आवृत्तीसाठी केलेला प्रोजेक्ट निमूटपणे चालवतो, आणि तोवर जुनीच संवादपद्धत चालू राहते. प्रोजेक्टमध्ये सीपीयूची आवृत्ती बदलणं, गोपनीय कॉन्फिगरेशनचा पासवर्ड ठरवणं, पुन्हा कंपाईल करून डाउनलोड करणं, हे केलं तरच दोष बुजतो. त्यात सीपीयू स्टॉपला जातो, म्हणून हेही ऑफ-सीझनचंच काम.

रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये किल्ली रनवर असताना फर्मवेअर जात नाही. कंट्रोलरचा मेजर रिव्हिजन आणि स्टुडिओ ५००० चा मेजर रिव्हिजन एकच लागतो, आणि मेजर बदलला की आतला प्रोग्राम पुसला जातो असं धरूनच तयारी करा.

पायरी ७: चाचणी प्रत्यक्ष यंत्रापासून, स्क्रीनवरून नाही

'पीएलसी रनला आला, कम्युनिकेशन हिरवं' ही चाचणी नव्हे. ट्रान्समीटरच्या जागी कॅलिब्रेटर लावून ४, १२ आणि २० मिलिॲम्पिअर द्या. स्क्रीनवर शून्य, पन्नास, शंभर टक्के दिसलं पाहिजे. मग वायर सोडवा. ३.६ मिलिॲम्पिअरच्या खाली सिग्नल गेला की फॉल्ट अलार्म यायला हवा आणि लूप मॅन्युअलला किंवा ठरलेल्या सुरक्षित स्थितीला जायला हवा. इनपुट कार्डाचं कॉन्फिगरेशन अपडेटमध्ये मूळ स्थितीवर गेलं असेल तर ते इथेच उघडं पडतं: व्हॅल्यू बरोबर दिसते, पण तुटलेली वायर 'शून्य लेव्हल' म्हणून वाचली जाते.

इंटरलॉक एकेक करून, सहीसकट. ड्रम लेव्हल लो-लो ला फायरिंग बंद. आयडी फॅन (धूर ओढणारा) ट्रिप झाला की एफडी फॅन (हवा देणारा) आणि बगॅस फीडर बंद. फर्नेस प्रेशर हाय-हाय. शेवटच्या मिलचा ड्राइव्ह थांबला की मागच्या मिल आणि केन कॅरियर क्रमाने थांबणं. इमर्जन्सी पुल कॉर्ड प्रत्येक जागी ओढून. टर्बाइनचा ओव्हरस्पीड ट्रिप साधारण ११० टक्क्यांवर असतो. त्याची प्रत्यक्ष चाचणी उत्पादकाच्या पद्धतीनेच. फर्मवेअर बदललं नाही, फक्त प्रोग्राम डाउनलोड झाला, तरी ही यादी पूर्ण करायची.

घड्याळं जुळवा. अपडेटनंतर टाइम झोन किंवा टाइम सर्व्हरचा पत्ता उडालेला असतो, आणि ट्रिपनंतर कोणता अलार्म आधी आला हे सांगता येत नाही. पीआयडीचा कागद समोर धरून प्रत्येक आकडा वाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

अग्निप्रदीपनाच्या आधी कुलूप

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या तारखेच्या तीन आठवडे आधी सगळं गोठवा. त्यानंतर ना पॅच, ना फर्मवेअर, ना 'एवढीच एक स्क्रीन बदलून द्या'. हे तीन आठवडे वॉटर ट्रायल आणि नो-लोड ट्रायलमध्ये उरलेले दोष बाहेर पडायला लागतात. मोळी पडल्यावर पहिला आठवडा रोज सकाळी प्रत्येक सर्व्हरचा इव्हेंट लॉग, सीपीयूचा स्कॅन टाइम (प्रोग्राम एकदा पूर्ण चालायला लागणारा वेळ) आणि मेमरी बघून वहीत लिहा. स्कॅन टाइम अपडेटपूर्वीच्या दीडपट झाला असेल तर पूर्ण लोडवर त्याचा त्रास होतो, वॉचडॉगची (सीपीयू थांबवणारी) वेळमर्यादा जवळ येते.

सीझनमध्ये क्लीनिंगसाठी मिल थांबते, ते तास मोहात पाडतात. त्यात फक्त 'आत्ता' खात्यातला पॅच, तोही टेबलावर तपासलेला, तोही एका ऑपरेटर स्टेशनवर. फर्मवेअर नाही.

ज्यांना अपडेटच नाही

विंडोज ७ वरचं एखादं जुनं स्टेशन राहतंच, कारण त्यावरचं सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही. त्याच्यापुढे स्वतंत्र फायरवॉल लावा आणि फक्त पीएलसीशी लागणारी पोर्ट उघडी ठेवा. ४४५ (फाईल शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) ही पोर्ट बंद. यूएसबी बंद. ठरलेल्या प्रोग्रामशिवाय दुसरं काही चालू होणार नाही असं व्हाइटलिस्टिंग. तयार एसएसडी शेजारी. आणि बदलायचं वर्ष बजेटमध्ये, आकड्यासह. कंत्राटदाराने 'लागलं तर असू दे' म्हणून टाकून ठेवलेलं रिमोट डेस्कटॉप सॉफ्टवेअर काढून टाका. पीएलसीची किल्ली रनवर फिरवून कपाटात ठेवा: २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या पेट्रोकेमिकल प्लांटच्या सुरक्षा नियंत्रकात ट्रायटन हा व्हायरस शिरू शकला, तेव्हा ती किल्ली प्रोग्रामवर राहिलेली होती.

अँटिव्हायरसचं आपोआप अपडेट प्लांट नेटवर्कवर बंद ठेवून आठवड्यातून एकदा, आधी एका स्टेशनवर, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांवर. अपडेटच्या वेळी काही संशयास्पद सापडलं तर संगणक बंद करू नका, केबल काढा. मेमरीतला पुरावा राहतो. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कळवायला सहा तास असतात, त्यामुळे कोणी कळवायचं हे आधी ठरलेलं हवं.

काम संपल्यावर पॅनेलच्या दाराच्या आत एक कागद चिकटवा: टॅग, नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, तारीख, सही. जुन्या फर्मवेअरचं आणि जुन्या प्रोग्रामचं कार्ड पाकिटात घालून पाकिटावर तोच टॅग लिहा आणि पहिला महिनाभर त्याच पॅनेलमध्ये टेपने लावून ठेवा. त्यानंतर स्टोअरमध्ये, कुलुपात.